दोन हातांचा राघवेंद्र

राघवेंद्र बॉलिंगला आला की शिवप्पा मास्तर आधी त्याला विचारायचे, "कुठला?"

"उजवा," तो म्हणायचा. नाहीतर, "डावा."

मग शिवप्पा मास्तर बॅटिंगवाल्याकडं बघून कवायतीच्या आवाजात ओरडायचे, "राइट आर्म!" नाहीतर, "लेफ्ट आर्म!" ते शाळेत ड्रिलमास्तर होते आणि रविवारी आमचे अंपायर. क्रिकेटचा तसा नियमच आहे. कुठल्या हातानं टाकणार ते बॉलरनं अंपायरला आधी सांगायचं आणि मधेच हात बदलायचा असला तर परत सांगायचं. न सांगता बदलला तर नोबॉल. बाकीच्या बॉलरांना हा नियम माहीत असायचं काही कारणच नव्हतं, त्यांना टाकायला हात एकच. राघवेंद्रामुळं मात्र धाराशिवात बघायला येणाऱ्या पानवाल्यालासुद्धा तो पाठ झाला होता.

मी आणि राघवेंद्र एकाच कचेरीत, महसूल खात्यात, शेजारशेजारच्या टेबलावर. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर थोड्याच वर्षांत आम्ही नोकरीला लागलो. कागदोपत्री गाव उस्मानाबाद, घरात बोलताना धाराशिव. निम्म्या मिसली, कामाच्या फायली, अजून उर्दूत होत्या. जुने मोहरीर, तेव्हाचे कारकून, मराठी लिहिताना घाम पुसायचे आणि आम्ही नवी मंडळी उर्दू वाचताना. राघवेंद्र दोन्ही कामं सारख्याच चेहऱ्यानं करायचा. उंच, किडकिडीत, मान जरा पुढं काढून चालणारा माणूस. बोलायचा कमी. आठवडाभरात त्याचं सगळ्यात मोठ्यानं काढलेलं वाक्य म्हणजे रविवारचं, मैदानावरचं: "हात बदलतो."

आमचा संघ म्हणजे काय, कचेरीतल्या पेशकार वसंतरावांची हौस. ते कॅप्टन. पोट सुटलेलं, पण क्रिकेटचं वेड हैदराबादेत शिकताना लागलेलं, ते सुटलं नव्हतं. थंडीचे तीन-चार महिने पोलिसांच्या परेडच्या मैदानावर मुरुमाच्या पट्टीवर मॅटिंग अंथरायचं, कडेनं खिळे ठोकायचे आणि खेळायचं. कधी कोर्टाविरुद्ध, कधी पोलिसांविरुद्ध, कधी मास्तर लोकांविरुद्ध. निम्मे जण धोतराचा काचा मारून उतरायचे. पॅड एका पायालाच मिळायचं. मी मिडॉनला उभा राहायचो. तिथं बॉल कमी येतो असं वसंतरावांचं म्हणणं होतं.

राघवेंद्र उजव्या हातानं टाकायचा तेव्हा लांबून पळत यायचा आणि बॉल सण्णकन जायचा. त्या हातात नुसता जोर. डाव्या हातानं टाकताना तो चार पावलं चालायचा, मनगट वळवायचा आणि बॉल मॅटिंगवर पडून असा काही आत शिरायचा की बॅटिंगवाला पाय कुठं ठेवावा ते विसरायचा. समोर जोरकस फटकेवाला असला की डावा, घाबरट असला की उजवा. एका ओव्हरमध्ये दोनदा हात बदललेलाही मी बघितलाय. मग समोरचा संघ तक्रार करायचा, शिवप्पा मास्तर खिशातून नियमाचं कात्रण काढायचे, आणि वसंतराव लांबूनच म्हणायचे, "सव्यसाची आहे हो तो! अर्जुनाला कुणी हरकत घेतली होती का?" तेव्हापासून त्याचं नाव सव्यसाची पडलं. लोकांच्या तोंडात एवढं मोठं नाव राहीना. ते नुसतं 'साची' झालं.

हे दोन हात त्याला आले कुठून, ते त्यानं एकदा मला सांगितलं होतं, कचेरीच्या मागच्या लिंबाखाली डबा खाताना.

तो मूळचा तुळजापूरचा. त्याचे वडील तात्या देवीच्या दारातले उपाध्ये. बाहेरगावचे यजमान यायचे, तात्या त्यांचा संकल्प सांगायचे, अभिषेक करायचे. पिढ्यान्‌पिढ्या हेच. राघवेंद्र रांगायला लागला तो डावरा. खेळणं डाव्या हातानं उचलायचा, घास डाव्या हातानं घ्यायचा. तात्यांना ती मोठीच काळजी लागली. डाव्या हातानं दिलेलं तीर्थ कोण घेईल? म्हणून पोरगं पाच वर्षांचं झालं तसं त्यांनी जुन्या उपरण्याची पट्टी फाडली आणि त्याचा डावा हात कमरेला बांधायला सुरुवात केली. सकाळी बांधायचा, दिवस कलला की सोडायचा. जेवण, लिहिणं, पळीनं पाणी सोडणं, सगळं उजव्यानं. मुंज होईपर्यंत हे चाललं.

"मारायचे का?" मी विचारलं.

"छे. तात्या कधी ओरडलेसुद्धा नाहीत. हळू बांधायचे. रक्त अडू नये म्हणून बोट घालून बघायचे."

घरातलं सगळं उजवा हात शिकला. पण पट्टी सुटली की राघवेंद्र घाटशिळेच्या वाटेनं डोंगरात जायचा आणि कवठाच्या झाडावर दगड मारत बसायचा. तिथं डावा. कधी कुणी ओळखीचं येताना दिसलं की उजवा. असं करता करता दोन्ही हात नेमबाज झाले. "मला स्वतःला कुठला हात पुढं येईल ते माहीत नसतं," तो म्हणाला. "बॉल हातात आला की कळतं."

एवढं बोलून त्यानं डबा बंद केला आणि आत जाऊन मिसल उघडली.

कोर्टाच्या संघात माणिकप्पा नावाचा मोहरीर होता. बेंबळीचा, लिंगायत, गोरापान, तोंडात कायम सुपारी. धाराशिवात खरी बॅटिंग येत असलेला तो एकटाच. बाकी आम्ही सगळे बॅट फिरवायचो, तो खेळायचा. मैदानात राघवेंद्राचा आणि त्याचा उभा दावा, आणि खेळ संपला की दोघं एकाच सायकलवर बसून चहाला. माणिकप्पाच बोलायचा, राघवेंद्र ऐकायचा.

"साची, तू डावा टाकतोस तेव्हा मला झोप येते बघ," तो मुद्दाम म्हणायचा. "पुरुषासारखा उजवा टाक की."

"उजवा तुला झेपत नाही."

"टाकून तर बघ!"

असं दरवेळी. राघवेंद्राच्या चेहऱ्यावर हसू येताना मी बघितलं ते बहुतेक याच्याच समोर.

कोर्टाविरुद्धची ती मॅच संक्रांतीनंतरच्या रविवारी होती. आमच्या धावा बऱ्या झाल्या होत्या, पण माणिकप्पा जमला. पोलीस लाइनीच्या भिंतीवर त्यानं दोन फटके मारले. राघवेंद्र डाव्या हातानं टाकत होता. माणिकप्पा पुढं सरसावून खेळत होता आणि दर बॉलनंतर त्याच्याकडं बघून जांभई दिल्यासारखं करत होता. लोक हसत होते. वसंतराव चालत त्याच्यापाशी गेले. मी जवळच होतो.

"राघवेंद्रराव, उजवा काढा आता. मागं रेटा त्याला."

राघवेंद्रानं मान हलवली. शिवप्पा मास्तरांना म्हणाला, "हात बदलतो."

"राइट आर्म!" मास्तर ओरडले.

माणिकप्पा हसला. सुपारी गालात सारून म्हणाला, "ये बाबा. तुझीच वाट बघायलोय."

पहिला बॉल त्यानं सोडला. दुसरा टाकायला राघवेंद्र नेहमीपेक्षा लांबून आला. बॉल मॅटिंगच्या शिवणीवर पडला की खिळ्यापाशी वर आलेल्या सुरकुतीवर, याच्यावर पुढं पुष्कळ वाद झाला. मला एवढंच दिसलं की बॉल पडला आणि तिथून जसा उसळायला पाहिजे तसा न उसळता उभाच वर आला. माणिकप्पानं मान वळवली. कानाच्या खाली लागला. आवाज फार मोठा झाला नाही.

तो पडला नाही. बॅट टेकून उभा राहिला. आम्ही धावलो. राघवेंद्र सगळ्यांत आधी पोचला.

"काही नाही, काही नाही," माणिकप्पा म्हणाला. कानामागं हात लावून बघितला. रक्त नव्हतं. त्यानं आम्हाला हातानं मागं सारलं, परत स्टंपापुढं उभा राहिला आणि शिवप्पा मास्तरांकडं बॅट धरून गार्ड मागितला. मास्तरांनी दिला. राघवेंद्र परत चालत गेला. तो वळून बघतो तोवर माणिकप्पा खाली बसला होता. मग त्याला उलटी झाली. टांगा येईपर्यंत तो बोलत होता, पण काय ते कळत नव्हतं. दवाखान्यात नेलं. तिथं शुद्ध गेली ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

पंचनामा झाला. एक जमादार कचेरीत येऊन आमचे जबाब लिहून घेऊन गेला. राघवेंद्राला त्यानं विचारलं, "बॉल कुणी टाकला?"

"मी."

जमादार स्वतः पोलीस संघातून खेळलेला. त्यानं टाक थांबवला आणि जरा ओशाळून विचारलं, "हात?"

"उजवा."

अपघात म्हणून प्रकरण मिटलं. माणिकप्पाला बेंबळीला त्याच्या शेतात पुरलं. त्यांच्यात मेलेल्याला बसवून पुरतात. भस्म लावलं, बेलाची पानं टाकली, एकेकानं माती लोटली. राघवेंद्र पुढं गेला, त्यानं माती लोटली आणि येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. कोर्टातले धट्टेकट्टे लोक रडत होते. वसंतराव तर उपरण्यात तोंड घालून हुंदके देत होते. राघवेंद्र समोरच्या ज्वारीकडं बघत होता. ज्वारी हुरड्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर कचेरीत आला. मिसल उघडली, लिहायला लागला. त्याच्या अक्षरात काही फरक नव्हता. लोक त्याच्याशी हलक्या आवाजात बोलायचे, जसं आजारी माणसाशी बोलतात. बोलताना त्यांची नजर त्याच्या तोंडावर नसायची. टाक धरलेल्या हातावर असायची. त्याला ते कळत होतं, पण त्यानं हात लपवला नाही, पुढंही केला नाही.

त्याची बायको वनमाला एकदा आमच्या घरी आली. माझ्या बायकोपाशी बसून म्हणाली, "रडत नाहीत, चिडत नाहीत, झोप नीट लागते. काय करावं? भांडायला गेले तर 'बरं' म्हणतात. परवा मी म्हटलं, तुमची चूक नाही. तर म्हणाले, बरं. मग मला काय वाटलं, मी म्हटलं, तुमचीच चूक आहे. तर तेव्हाही म्हणाले, बरं."

माझ्या बायकोनं तिला चहा दिला. दुसरं काय देणार?

मी त्याला विचारलं होतं, आडून आडून. त्यानं हातातली मिसल बांधली. मग म्हणाला, "आपण कुणाकडं जातो, दारावर हाक मारतो आणि आतून 'ओ'च येत नाही. तसं आहे. मी हाक मारतो. माणूस आत आहे का नाही, तेही समजत नाही."

तुळजापूरहून तात्या आले. वाकलेले, कपाळावर मळवट, खांद्याला पडशी. त्यांनी प्रायश्चित्ताचं सगळं ठरवून आणलं होतं. राघवेंद्रानं सांगतील ते केलं. उपास, स्नान, होम. होमाला मी पाटावर मागं बसलो होतो. संपल्यावर तात्या आवरत होते आणि एकदम म्हणाले, "राघू, तुझा जन्माचा हात दुसरा होता रे. हा मी केला."

"असू द्या, तात्या."

"मी जर बांधला नसता..."

"असू द्या. ती समई जरा सरकवा, काजळी धरतीय."

तात्यांनी समई सरकवली. ते आणखी दोन दिवस राहणार होते, पण दुसऱ्याच दिवशी सकाळच्या मोटारीनं गेले.

पुढच्या थंडीत खेळ सुरू होईल असं कुणाला वाटत नव्हतं. पण वसंतरावांना राहवेना. त्यांनी मॅटिंग नवं मागवलं, खिळे नवे आणले, आणि एका संध्याकाळी राघवेंद्राच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "राघवेंद्रराव, मी काय म्हणतो, आता तुम्ही डाव्यानंच टाका. तो हात आहे की तुमच्याकडं. हा राहू द्या बाजूला."

असं बोलले जसं काही घरात दोन भाऊ आहेत आणि एकाच्या हातून गुन्हा झाला, तर दुसऱ्याला पाठवा. मला वाटलं, आता तरी राघवेंद्र उठून त्यांच्या अंगावर ओरडेल.

"बरं," तो म्हणाला.

पण खेळायच्या आधी त्यानं मला एकच गोष्ट मागितली. "बेंबळीला येतोस का माझ्याबरोबर? माणिकप्पाच्या आईला भेटून येऊ. एकट्यानं गेलो तर तिथं जाऊन नुसता उभा राहीन."

गेलो. माणिकप्पाची बायको सोलापूरकडं माहेरी गेलेली, मूलबाळ नव्हतंच. घरात त्याची आई उमाबाई एकटी. आम्ही गेलो तेव्हा ती ओसरीवर सुपात तूर पाखडत होती. कपाळाला तीन पट्टे भस्म, गळ्यात लिंगाची डबी. मी सांगितलं, आम्ही धाराशिवाहून आलो, कचेरीतले. आणि हे राघवेंद्र.

तिनं सूप खाली ठेवलं. "दोन हाताचा?"

राघवेंद्रानं मान हलवली.

"बसा की मग. उभं कशाला?" तिनं घोंगडं टाकलं. पाणी आणलं, गूळ आणला. "माणिक लई सांगायचा तुमचं. हितं अंगणात लिंबू घेऊन दाखवायचा, साची असा टाकतो, साची तसा टाकतो. त्याला काय यायचं न्हाय डाव्या हातानं. लिंबू गोठ्यात जायचं." ती हसली. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि ती बघत राहिली.

गल्लीतून शेळ्या गेल्या.

"लागलं तवा काय म्हणला तो?" तिनं विचारलं.

"काही नाही म्हणाले," राघवेंद्र म्हणाला.

"म्हंजी बोललाच न्हाय?"

"तसं नाही. 'काही नाही, काही नाही' असं म्हणाले. आणि परत खेळायला उभे राहिले."

"उभा ऱ्हायला?"

"हो. गार्ड मागितला. म्हणजे, स्टंपासमोर नीट उभं आहे का ते अंपायरला विचारतात, ते."

हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं ते दोनदा बोलून घेतलं. उभा ऱ्हायला. परत उभा ऱ्हायला. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "लई जोरात टाकला व्हता का?"

मी मधे पडणार होतो. मॅटिंगची सुरकुती, खिळा, सगळं माझ्या जिभेवर होतं. वर्षभर आम्ही सगळे हेच बोलत होतो. राघवेंद्र माझ्याआधी बोलला.

"व्हय. होता तेवढा सगळा जोर लावला."

उमाबाईनं त्याच्याकडं बघितलं. "हळू टाकलं की त्याला राग यायचा," ती म्हणाली. मग उठली. "जेवून जावा. त्या आधी तेवढी घागर भरून देता का? माझ्यानं आडाचं पाणी वढवत न्हाय आता."

राघवेंद्रानं पोहरा सोडला, पाणी शेंदलं, घागर भरली, रांजण भरला. गुरांचं टाकंही भरलं. तिनं थांब म्हणेपर्यंत तो शेंदतच होता. मग आम्ही भाकरी खाल्ली.

परतीच्या मोटारीत तो म्हणाला, "तुला काही वाटलं?"

"वाटलं की."

"मला वाटलं होतं, तिथं गेल्यावर वाटेल. ती शिव्या देईल, नाहीतर माफ करेल, काहीतरी होईल." खिडकीतून धूळ येत होती, त्यानं तोंड पुसलं. "पाणी शेंदताना दोर खरबरीत होता एवढं कळलं."

दोन हिवाळे तो डाव्यानं खेळला. इतक्या विकेटी त्यानं आधी कधी काढल्या नव्हत्या. शिवप्पा मास्तर नियमाप्रमाणं विचारायचे, "कुठला?" आणि तो सांगायचा, "डावा." सगळ्या मैदानाला माहीत असलेली गोष्ट मास्तरांना दरवेळी विचारावी लागायची आणि त्याला दरवेळी सांगावी लागायची. विकेट पडली की आम्ही त्याच्याकडं धावायचो. तो मात्र तेवढ्यात मॅटिंगची कड पायानं सपाट करत उभा असायचा.

मग लातूरला मॅच ठरली. आम्ही सकाळच्या मोटारीनं येडशीला गेलो, तिथून छोट्या रुळांच्या आगगाडीनं लातूर. गाडीत सगळे गात होते, राघवेंद्र बाहेरची रानं बघत होता. लातूरकरांना यातलं काही माहीत नव्हतं. व्यापारी पोरांचा संघ, कपडे पांढरेशुभ्र, बॅटी नव्या. अंपायरही त्यांचाच. त्यांचा एक दणकट गडी आमच्या बॉलिंगची धूळधाण करत होता. राघवेंद्राचा डावाही त्यानं झोडपला. वसंतराव डोक्याला हात लावून उभे. 'उजवा काढा' म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

राघवेंद्र अंपायरकडं वळला. मी मिडॉनला होतो, मला स्वच्छ ऐकू आलं.

"हात बदलतो."

अंपायर गोंधळला. "म्हणजे?"

"उजव्यानं टाकतो. त्यांना सांगा."

वसंतराव "अहो" म्हणत पुढं आले आणि अर्ध्या वाटेत थांबले. राघवेंद्र मोजून लांब गेला. दोन वर्षं त्या हातानं त्यानं बॉल फेकला नव्हता. तो पळत आला. मी डोळे मिटले नाहीत, पण मिटावेसे वाटले. बॉल सण्णकन गेला, यष्टिरक्षकाच्या हातात धप्प वाजला. दणकट गड्यानं मान वर करून बघितलं. दुसरा, तिसरा. एक बॉल त्याच्या छातीवरून गेला. तो मागं सरकला. शेवटच्या बॉलवर त्याचा मधला स्टंप उडाला. कुणाला काही लागलं नाही. आमची मंडळी ओरडत त्याच्यावर पडली, इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. वसंतरावांच्या डोळ्यांत पाणी होतं.

राघवेंद्रानं बॉल वसंतरावांच्या हातात ठेवला. "बस झालं," तो म्हणाला.

आम्हाला वाटलं, दमला. तो बाउंडरीपाशी जाऊन बसला. मॅच हरायची ती आम्ही हरलोच. येताना गाडीत त्यानं मला सांगितलं.

"आज ठरवून टाकला. म्हटलं, भीती तरी वाटेल. धावताना हात गळेल. त्याच्या छातीवरून गेला ना एक, तो मी मुद्दाम टाकला. तेव्हाही काही नाही. अगदी सोपं गेलं. पहिल्यासारखंच."

"मग चांगलंच झालं की. भीती गेली."

"गेली नाही. नाहीच आहे." तो म्हणाला. "असल्या माणसानं हातात बॉल घेऊ नये."

त्यानंतर तो खेळला नाही. वसंतरावांनी सहा महिने मनधरणी केली. मग त्यांची बदली झाली आणि आमचा संघही मोडला. मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला त्या साली तर मॅटिंग कुणाच्या तरी लग्नात पंगतीला अंथरलेलं मी बघितलं.

बेंबळीला जाणं मात्र त्यानं सुरू ठेवलं. महिन्या-दीड महिन्यानं जायचा. काय बोलायचे ते दोघं, मला माहीत नाही. बहुधा काहीच नाही. आड उपसायला गडी लावायचा, गोठ्याचं छप्पर शाकारायचं, असली कामं असायची. उमाबाई त्याला आधी 'तुमी' म्हणायची, मग 'तू' म्हणायला लागली.

एका वेळ अमावस्येला तिनं आम्हा दोघांनाही घरच्यांसकट बोलावलं. आमच्या भागात हा सण मोठा. सगळा गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांची पूजा करतात आणि मग भज्जी, उंडे, खीर, मडक्यातलं आंबील. माणिकप्पाला जिथं पुरलं त्याच शेतात कोप केली होती, पलीकडच्या बांधाला. उमाबाईला पोरगा राहिला नव्हता, म्हणून रानाभोवती आंबील शिंपडत फिरायचं काम तिनं राघवेंद्राला दिलं. तो उपाध्याच्या घरचा, पूजा त्याला नवी नव्हती, पण ही पूजा वेगळी. पुढं तो, मागं "हर हर" करत आम्ही. समाधीपाशी आल्यावर तो थांबला नाही, घाईनंही गेला नाही. तिथंही शिंपडलं आणि पुढं गेला.

जेवणं झाली. वनमाला आणि माझी बायको हरभऱ्याची भाजी खुडायला गेल्या. उमाबाई कोपीत आडवी झाली आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला. राघवेंद्र कोपीच्या तोंडाशी बसला होता. एक शेळी सारखी आंबिलाच्या मडक्याकडं यायची, तो तिला हाकलायचा, ती परत यायची.

उन्हं कलली. शेवटची मोटार धरायची तर निघायला पाहिजे होतं. मी उठून धोतर झटकलं. बायकांनाही हाक मारली.

"उठव की त्यांना," मी म्हणालो. "निरोप घेऊ."

त्यानं आत बघितलं. म्हातारी तोंड उघडं टाकून झोपली होती, हात मडक्याच्या बाजूला.

"सकाळपासून राबलीय," तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढं. वनमालालाही घेऊन जा. म्हातारी उठली की भांडी बैलगाडीत घालून देतो, मग येतो."

"मोटार जाईल."

"जाऊ दे. सकाळची आहे."

आम्ही बांधावरून निघालो. वनमाला दोनदा मागं वळून बघत चालली होती. मोटारीच्या रस्त्याला लागेपर्यंत शेळीला हाकलल्याचा त्याचा आवाज येत होता.